शब्द कोणाची बाजू घेतो?

मेढा हे जावळी तालुक्याचे कचेरीचे गाव. वेण्णेच्या काठच्या या गावात, किंवा तेथून केळघरचा घाट चढून महाबळेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या वाडीत, कोणा वयोवृद्ध गृहस्थाला १६५६ साली या मुलखात काय घडले असे विचारावे, आणि तो जे उत्तर देईल त्यातल्या मजकुरापेक्षा त्यातल्या क्रियापदाकडे अधिक लक्ष द्यावे. शिवाजी महाराजांनी जावळी ‘जिंकली’ असे एक जण सांगेल, दुसरा ‘काबीज केली’ म्हणेल, तिसरा ‘स्वराज्यात आणली’ म्हणेल, कोणी नुसते ‘घेतली’ म्हणून थांबेल, आणि ज्याचे नाते, तेव्हा जावळी ज्यांच्या ताब्यात होती त्या मोऱ्यांच्या घराण्याशी कोठे तरी जुळते असा एखादा, कर्त्याचे नाव मुळीच न घेता, ‘तेव्हा जावळी गेली’ एवढेच बोलेल. घटना एकच, साल एकच, आणि इतिहासाचे पुस्तक उघडून पाहिले तर या पाचांपैकी एकाचेही विधान खोटे ठरणार नाही. तथापि त्या घटनेने ज्याच्या मनात अभिमान उमटतो तो कोणता आणि ज्याच्या मनात हळहळ उरली आहे तो कोणता, हे त्यांनी सांगण्याचे मनात आणले नसताही त्यांच्या क्रियापदांनी सांगून टाकलेले असते.

कवितेत हेच घडते, मात्र अधिक दाटीने. गद्यलेखकाला आपली वृत्ती पानेच्या पाने खर्चून उलगडता येते. कवीला तेवढी ऐसपैस जागा नसल्यामुळे स्तुती, निंदा, उपरोध, करुणा, धाक, लाड हे सगळे त्याला एकेका शब्दाच्या निवडीतच साठवावे लागते. असे असूनही आपल्या शाळा-महाविद्यालयांतून रसग्रहणाच्या नावाखाली जी उत्तरे लिहिली जातात, त्यांत ‘कवीची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’ आणि ‘कवीने समर्पक शब्दयोजना केली आहे’ ही दोन वाक्ये कोणत्याही कवितेखाली बिनदिक्कत लावलेली आढळतात. समर्पक म्हणजे कशाला समर्पक, आणि कोणत्या दुसऱ्या शब्दाच्या मानाने समर्पक, याचा उलगडा झाल्यावाचून त्या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. जे कविता शिकतात, शिकवतात किंवा केवळ आपल्या आनंदासाठी वाचतात, त्यांना हा उलगडा करण्याची एक वहिवाट हाती लागावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती वहिवाट नवी नाही. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मिरात होऊन गेलेल्या कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात ‘पर्यायवक्रता’ नावाचा एक स्वतंत्र प्रकारच मानला आहे; एकाच वस्तूची अनेक नावे उपलब्ध असताना कवी त्यांतले नेमके कोणते उचलतो, यात काव्याचे मर्म असते, असा त्याचा आशय. या संदर्भात नेहमी दाखवले जाणारे उदाहरण कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गातले आहे. पार्वती शंकरासाठी तप करीत आहे आणि खुद्द शंकरच बटूचा वेष घेऊन तिची परीक्षा पाहायला आलेला आहे. तो तिच्यासमोर शंकराची निंदा करतो, आणि ती करताना त्या देवाच्या असंख्य नावांतून ‘कपाली’ हे नाव निवडतो. ‘पिनाकी’ म्हणजे पिनाक धनुष्य धारण करणारा. त्या नावाने आदर वाटला असता. ‘कपाली’ म्हणजे हातात मनुष्याची कवटी घेऊन हिंडणारा. त्या नावाने किळस यावी, हाच बोलणाऱ्याचा उद्देश. विशेष असे की दोन्ही शब्दांतला लघुगुरूंचा क्रम एकच आहे, म्हणजे वृत्ताच्या सक्तीने एक शब्द आला आणि दुसरा गेला असे म्हणायला वाव उरत नाही. यातली दुसरी खुबी अशी की ही निंदा ना कालिदासाची आहे, ना शंकराच्या अंतःकरणातली. ती एका सोंग घेतलेल्या बटूची आहे. शब्दावरून वृत्ती ओळखायची खरी, परंतु ती कवीची, कवितेतल्या बोलणाऱ्याची, की त्या बोलणाऱ्याने तात्पुरती पांघरलेली, याचा निवाडा वेगळा करावा लागतो.

यावरून वाचकाने पहिली सवय अशी लावून घ्यावी की कविता हाती येताच ‘कवी काय म्हणतो’ असे न विचारता ‘येथे कोण बोलतो आहे, आणि कोणाशी’ असे विचारावे. सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर यांचे ‘गीतरामायण’ या अभ्यासाला फार सोयीचे आहे. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली ती छप्पन्न गीते एकाच कवीने लिहिली, सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या. पण ती गातात निरनिराळी पात्रे. भरत आपल्या आईला दूषणे देतो ते गीत आणि राम त्याच भरताची समजूत घालतो ते गीत, अशी दोनच समोरासमोर ठेवावीत. भरताची शब्दसंपत्ती फिर्यादीची आहे, तीत दोषाचा धनी कोण हे ठरलेले आहे. रामाची शब्दसंपत्ती दैवाची आणि मानवी पारतंत्र्याची आहे, तीत दोषी म्हणून उभा करावा असा कोणी माणूसच शिल्लक राहत नाही. कैकेयीविषयी माडगूळकरांचे स्वतःचे मत काय होते, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

दुसरी सवय पर्याय ठेवून पाहण्याची. ज्या शब्दावर आपले मन अडखळेल, त्याच्या जागी त्याच अर्थाचे दोन-चार शब्द घालावेत आणि काय बदलले ते कानाने ऐकावे. पाटील आले, पाटलांचे येणे झाले, पाटील उगवले, पाटील टपकले, पाटील कडमडले: माणूस दारात आला हे पाचही वाक्यांत समान आहे. पहिल्यात नुसती खबर आहे. दुसऱ्यात बोलणारा अदबीने एक पाऊल मागे सरला आहे. तिसऱ्यात ‘इतके दिवस होता कोठे’ हा प्रश्न दडलेला आहे, चौथ्यात नको त्या वेळी आल्याची कुरकुर, आणि पाचव्यात तर आदरार्थी बहुवचन कायम ठेवून त्याच्या आडून सरळ राग काढून घेतलेला आहे. आपल्या भाषेत क्रियापद आणि त्याचे वचन यांच्यात अशी तेढ लावून देता येते, ही मराठी उपरोधाची एक खास सोय आहे. आणि कवितेत ती सापडली की रसग्रहणाचा अर्धा परिच्छेद तेथेच तयार झाला असे समजावे.

मरणाच्या आणि मारण्याच्या शब्दांकडे तर फारच बारकाईने पाहावे, कारण तेथे तटस्थ शब्द सापडणे दुरापास्त असते. ‘वध’ म्हटले की मारणारा धर्माच्या बाजूचा आणि मरणारा त्या मरणास पात्र, असा निकाल ऐकणाऱ्याच्या मनात आधीच लागलेला असतो. कंसाचा वध होतो, कंसाची हत्या होत नाही. ‘हत्या’ म्हणताच मरणारा निरपराध ठरतो, ‘खून’ म्हणताच फौजदारी कायदा आठवतो, ‘पारिपत्य’ म्हणताच मारणाऱ्याला शासन करण्याचा अधिकार होता असे गृहीत धरले जाते. १९४८ सालच्या जानेवारीत दिल्लीस जे घडले, त्याला ‘वध’ म्हणणारा मराठी माणूस आणि ‘हत्या’ वा ‘खून’ म्हणणारा मराठी माणूस यांना एकमेकांची राजकीय मते विचारावी लागत नाहीत. आपल्या बाजूचा शिपाई ‘धारातीर्थी पडतो’ किंवा ‘कामी येतो’. समोरच्या बाजूची माणसे ‘कापली जातात’, आणि त्यांची मोजदाद झाली तर हजारांतच होते.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल तर मेढ्याच्या परिसरातल्या वाचकाने आपल्याच खोऱ्यातला पोवाडा घ्यावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. त्या प्रसंगावर अज्ञानदास नावाच्या शाहिराने रचलेला पोवाडा हा शिवकालातला उपलब्ध असलेला अत्यंत जुना पोवाडा मानतात. ॲक्वर्थ या मुलकी अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने १८९१ मध्ये पोवाड्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात तो वाचायला मिळतो. (इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्यांविषयी आपले मत काहीही असो, गावोगावच्या गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे कागदावर उतरले याचे श्रेय त्या जोडीला दिलेच पाहिजे.) एक कोरा कागद घेऊन त्यावर मधोमध रेघ ओढावी, डाव्या बाजूला महाराजांना शाहीर कोणकोणत्या नावांनी हाक मारतो ते, उजव्या बाजूला खानाला काय म्हणतो ते, आणि दोघांच्या खाली दोघांच्या वाट्याला आलेली क्रियापदे लिहीत जावे. फार्सीकडून आलेला, सिंहाचा अर्थ देणारा ‘सरजा’ एका बाजूला जाईल. दुसऱ्या बाजूला ‘खान’ या शब्दाची आणि त्याच्या अबदुल या नावाची निरनिराळी रूपे जमतील. पोवाड्यांच्या परंपरेत शत्रूच्या फौजेचा थाट शाहीर हात राखून सांगत नसतात, हेही ध्यानात धरावे. शत्रूचे बळ वाढवले की विजयाचे मोल वाढते, म्हणून खानाच्या सामर्थ्यासाठी भारदस्त शब्द आले तर त्यावरून शाहिराच्या मनात खानाविषयी आदर आहे असा निष्कर्ष काढू नये. वर्णनाचे शब्द आणि संबोधनाचे शब्द वेगवेगळे मोजावेत. वृत्ती बहुधा संबोधनात सापडते.

नावांचे महत्त्व या मुलखाला पूर्वीपासून कळलेले आहे. ‘चंद्रराव’ हे मोऱ्यांच्या घरातले कोणा एकाचे नाव नव्हते, तो पिढीजात चालत आलेला किताब होता. आणि जावळीच्या प्रकरणाआधी दोन्ही पक्षांत जो पत्रव्यवहार झाला म्हणून बखरीत सांगितले आहे, त्यात ‘राजे’ म्हणवून घेण्याचा अधिकार कोणाचा, हाच भांडणाचा मुद्दा आहे. त्या पत्रांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांनी काय वाटेल तो वाद घालावा; शब्दाच्या अभ्यासकाला ती तशीच उपयोगी आहेत.

याच नामकरणाचे सर्वांत विचारपूर्वक केलेले उदाहरण महात्मा फुल्यांचे आहे, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला आणि त्यात महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. ‘गोब्राह्मणप्रतिपालक’ हे बिरुद तेव्हा प्रचारात होते, ते त्यांनी का घेतले नाही हे वेगळे सांगण्याची गरज नाही; परंतु ‘कुळवाडी’ हाच शब्द का, हे विचार करण्याजोगे आहे. जमीन कसणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. ‘रयत’ म्हटले की बोलणारा तख्ताच्या बाजूने पाहतो. ‘कूळ’ म्हटले की जमिनीचा मालक आपल्या वहीतून पाहतो. ‘खातेदार’ हा तलाठ्याच्या दप्तरातला, ‘लाभार्थी’ हा आजच्या सरकारी योजनेच्या अर्जातला. ‘बळीराजा’ म्हणताच गौरव सुरू होतो, आणि अलीकडच्या भाषणांतून तो इतका स्वस्त झाला आहे की पुष्कळदा गौरवाच्या जागी नुसती खुशामत ऐकू येते. ‘कुळवाडी’ हा मात्र शेत करणाऱ्या जातींना गावकी ज्या नावाने ओळखी ते नाव. फुल्यांनी ते महाराजांच्या मस्तकावर भूषण म्हणून न ठेवता, महाराजांनाच त्या लोकांचे भूषण केले. समासातल्या पदांचा क्रम आणि संबंध पाहिला की कवीला कोणाची मान उंच करायची आहे हे दिसून येते. खोऱ्यातल्या ज्या तरुणांना शेतीवर कविता लिहावीशी वाटते, त्यांनी आपल्या वहीत यांपैकी कोणता शब्द आपोआप उतरला आहे ते अवश्य तपासावे. आपोआप उतरलेला शब्द बहुतेक वेळा वर्तमानपत्राचा असतो.

संबोधनाचा विषय निघालाच आहे तर ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याकडेही वळले पाहिजे, कारण येथे नवखे वाचक हमखास फसतात. व्यवहारात वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणणे हा अधिक्षेप. पण कवितेत देवाला ‘तू’ म्हणणे ही जवळीक, आणि वारकरी संतांनी विठ्ठलाला एकेरी हाक मारून, प्रसंगी त्याच्याशी कडाक्याचे भांडण करून जी सलगी केली, ती ‘आपण’ म्हणून कधीच साधली नसती. लोकगीतांतून महाराजही ‘शिवबा’ होऊन एकवचनात वावरतात; त्यात अनादर शोधणे हा अडाणीपणा होईल. रामदासांनी ‘मनाच्या श्लोकां’त मनाला एकेरी संबोधले, मात्र आरंभीच त्याला ‘सज्जन’ म्हणून गोंजारले. ज्याला पुढे दोनशेहून अधिक श्लोकांतून उपदेशाचे डोस पाजायचे, त्याला आधी प्रतिष्ठा द्यायची, ही त्या उपदेशकाची रीत त्या एका विशेषणातून कळते. जात्यावरच्या ओवीत सून बोलत असेल तर ती सासूला ‘आत्याबाई’ म्हणते की ‘सासू’ म्हणते ते पाहावे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून ‘आत्याबाई’ आणि ‘मामंजी’ ही तोंडावर बोलण्याची नावे. ‘सासू’ आणि ‘सासरा’ ही पाठीमागची. पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना, दळणाऱ्या बाईने कोणते नाव घेतले यावरून ती आपल्याशीच बोलते आहे की कोणाच्या कानावर जावे म्हणून बोलते आहे, याचा अंदाज बांधता येतो.

याहूनही बारीक, पण अधिक निश्चित पुरावा अव्ययांचा. ‘तो फार शूर होता’ आणि ‘तो फार शूर होता म्हणे’ या दोहोंत एका शब्दाने सगळी मिळकत जप्त होते. ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘बरे’, ‘की’ हे चिमुकले शब्द शिक्षक वर्गात ओलांडून जातात, कारण त्यांचा अर्थ सांगता येत नाही. पण ज्याचा अर्थ सांगता येत नाही अशाच शब्दात बोलणाऱ्याचा स्वर असतो. ‘बापडा’, ‘बिचारा’, ‘बुवा’, ‘महाशय’ यांचीही अशीच नोंद करावी.

मग येतो शब्दांच्या कुळाचा प्रश्न: तत्सम, फार्सी की देशी. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, गझलेचा छंद मराठीत रुजवला, प्रेमाच्या कवितेला फार्सी शब्दांचा साज चढवला. आणि पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार करू लागल्यावर आपल्याच आधीच्या काव्यातले ते शब्द काढून शुद्ध मराठीत नव्या आवृत्त्या केल्या. अशा दोन आवृत्त्या मिळाल्या तर शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा शिक्षक नाही. माझे मत विचाराल तर प्रियकराच्या तोंडचा ‘इष्क’ जाऊन ‘प्रणय’ आला की माणूस तोच राहत नाही. पहिला जरा बेफिकीर असतो, दुसऱ्याने पंचांग पाहून प्रेम केलेले असते.

ज्यांचे घराणे साताऱ्याजवळच्या मर्ढ्याचे, त्या बा. सी. मर्ढेकरांची गोष्ट याच्या पुढची. ‘काही कविता’ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. संतांच्या अभंगाचा आणि ओवीचा घाट घ्यायचा आणि त्यात यंत्रयुगातले, इस्पितळातले, रस्त्यावरचे शब्द भरायचे, ही त्यांची रीत ज्यांना असह्य झाली, त्यांनी ओंगळ शब्द म्हणजे ओंगळ मन असा सरळ हिशेब मांडला. घाट प्रार्थनेचा आणि शब्द गटाराचा, या विसंगतीतून बोलणाऱ्याची व्यथा बाहेर पडते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. शब्द एकटा काढून भिंगाखाली धरला की असा अन्याय होतो. तो कोणत्या छंदात, कोणत्या शेजाऱ्यांत बसला आहे, हे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

आणखी दोन खबरदाऱ्या सांगितल्या पाहिजेत. कुंतकाला वाचताना वृत्ताची जी शंका आपण बाजूला सारली, ती प्रत्येक ठिकाणी सारता येईल असे नाही; यमकासाठी किंवा मात्रा भरण्यासाठी आलेला शब्द असतोच, आणि चांगल्या कवीच्याही कवितेत असतो. त्याच्यावर तर्काचे इमले रचण्यापूर्वी त्याच वजनाचा दुसरा शब्द कवीला मिळण्याजोगा होता काय, हे पाहावे. दुसरी खबरदारी कालाची. जुन्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवला की वृत्तीचे निदान हमखास चुकते. ‘गनीम’ हा शब्द मोगलांच्या कागदांत मराठ्यांसाठी येतो आणि मराठ्यांच्या तोंडी मोगलांसाठी. ‘कावा’ म्हणताच आज कपट आठवते, परंतु ‘गनिमी कावा’ म्हणताना आपण युद्धकौशल्याची तारीफ करीत असतो. अशा वेळी मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडावा. मोबाईलवर जो अर्थ चटकन मिळतो तो बहुधा आजचा असतो, आणि पोवाडा आजचा नसतो.

इतके केल्यावर रसग्रहणाचे उत्तर कसे लिहावे? समर्पक शब्दयोजनेचे वाक्य पार गाळावे. कवितेतून दोन किंवा फार तर तीन शब्द निवडावेत. प्रत्येकाच्या जागी येऊ शकला असता असा एक शब्द द्यावा, आणि तो आला असता तर बोलणाऱ्याविषयीची आपली समजूत कशी पालटली असती ते दोन वाक्यांत सांगावे. दहा शब्दांची यादी देण्यापेक्षा एका शब्दापाशी असे थांबलेले उत्तर परीक्षकाला अधिक पटते. आणि निवड करताना त्या ओळीपासून आरंभ करावा जेथे बोलणाऱ्याने एखाद्याचे नाव मध्येच बदललेले आहे. आरंभी ‘पाटील’ असलेला माणूस पाचव्या कडव्यात नुसता ‘म्हातारा’ होतो, किंवा आरंभीचा ‘म्हातारा’ शेवटी ‘बाबा’ होतो, त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने खूण करावी आणि तिच्या आधीच्या चार ओळी पुन्हा वाचाव्यात, कारण बोलणाऱ्याचे मन पालटण्याचे कारण बहुधा त्या चार ओळींतच असते.